पहिल्या हातावरची नव्वी : ब्रिजमध्ये बचावाचे सिग्नल तुम्ही कसे ठरवता?

पूर्वेकडचा

ब्रिज खेळणाऱ्यांसाठी धागा, पण बाकीच्यांनीही डोकवायला हरकत नाही.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आमचं टेबल जमतं, शिवाय मी आणि भिडू ब्रिज बेस ऑनलाइनवरही बसतो. बिडिंगवर, म्हणजे हुकूम कुठला आणि हात किती याच्या बोलीवर, आमचं भरपूर बोलून झालंय. बचावात कुठलं पान काय सांगतं, यावर मात्र "नेहमीचं" एवढाच आमचा करार. परवा तो करार फाटला.

दक्षिण चार इस्पिक खेळतेय (इस्पिक हुकूम, दहा हात करायचे), उतारी, म्हणजे पहिलं पान, पश्चिमेची म्हणजे भिडूची, मी पूर्व. बिडिंगमध्ये आम्ही दोघं गप्प. (ए = एक्का, रा = राजा, णी = राणी, गु = गुलाम)

उत्तर (डमी, म्हणजे दक्षिणेचा भिडू, पानं टेबलावर उघडी): इस्पिक रा गु ९ ४, बदाम ६, चौकट रा ७ ३, किलवर रा णी गु ९ ३
पश्चिम: इस्पिक ६ ३, बदाम ए रा १० ८ ४, चौकट १० ९ ४, किलवर ८ ६ २
पूर्व: इस्पिक ८ २, बदाम गु ९ ७ ३, चौकट ए णी गु ५, किलवर १० ७ ५
दक्षिण: इस्पिक ए णी १० ७ ५, बदाम णी ५ २, चौकट ८ ६ २, किलवर ए ४

भिडूने बदाम एक्का उतरला, डमीची छक्की पडली, मी नव्वी टाकली, दक्षिणेने पंजी. माझा अर्थ: मोठं पान, म्हणजे उरलेल्या दोन सुटांतली वरची (सुटांचा उतरता क्रम इस्पिक, बदाम, चौकट, किलवर), म्हणजे चौकट आण. भिडूचा अर्थ: मोठं पान, म्हणजे बदाम आवडलं, चालू ठेव. त्याने राजा काढला. डमीने तो हुकमाने मारला, दक्षिणेने दोन फेऱ्यांत हुकूम गोळा केले, किलवरवर हातातल्या तिन्ही चौकटी फेकल्या आणि बारा हात केले. दुसऱ्या हाताला चौकटची दश्शी आली असती, तर चौकटचे तीन आणि बदाम एक्का मिळून एक डाउन, म्हणजे त्यांचा एक हात कमी.

दोघंही "नेहमीचं"च खेळत होतो. तर माझ्या नव्वीचा अर्थ काय? आणि भिडू आता म्हणतोय की आपण अपसाइड डाउन सिग्नल (मोठ्या-लहान पानांचे अर्थ उलटे) घेऊ, मग असे घोळ होणार नाहीत. खरंच होणार नाहीत?

झब्बू_फक्त

मला फक्त झब्बू आणि मेंढीकोट येतं. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोड्यांत सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून हा खेळ शिकायचं मनात आहे.

एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे मेंढीकोटात भिडूला खूण केली की आजी सगळा डाव उधळून द्यायची. इथे तुम्ही राजरोस "सिग्नल" म्हणताय. हे चालतं?

मिरजेचे_तात्या

झब्बू, प्रश्न बाळबोध नाही. चालतं, पण फक्त पानांतून. ब्रिजच्या नियमावलीतला ७३वा नियम हेच सांगतो: भिडूंनी एकमेकांना जे सांगायचं ते बोलीतून आणि खेळलेल्या पानातून. भुवया, खोकला, पान आपटणं, सगळं बाद. आधी ठरवून अशा चोरवाटेने माहिती देणं हा नियमावलीने सगळ्यांत गंभीर गुन्हा मानलाय.

शिवाय तुमचा पानांचा करार गुप्त ठेवता येत नाही. दक्षिण खेळताना विचारू शकते, "तुमच्यात मोठ्या पानाचा अर्थ काय?" आणि खरं उत्तर द्यावं लागतं. म्हणजे सिग्नल हे पाकिटातलं पत्र नाही, उघडं पोस्टकार्ड आहे. भिडू वाचतो तसा पोस्टमनही वाचतो. पुढे सिग्नल केव्हा द्यायचा नाही हे कळायला हेच लक्षात ठेवावं लागतं.

ही युक्ती ब्रिजपेक्षा जुनी आहे. व्हिस्टमध्ये आधी मोठं मग लहान पान टाकून भिडूकडे हुकूम मागायची पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात रुळली. तिचं श्रेय लॉर्ड हेन्री बेंटिंक यांना देतात. नाव पडलं ब्लू पीटर, म्हणजे जहाज बंदर सोडणार असलं की चढवतात ते निशाण.

आज पान तीन प्रकारच्या प्रश्नांना उत्तर देतं. भिडूने आणलेली सूट मला आवडली का, हा अ‍ॅटिट्यूड. या सुटेत माझ्याकडे पानं सम की विषम, हा काउंट. दुसरी कुठली सूट हवी, हा सूट प्रेफरन्स. रूढ पद्धतीत मोठं पान म्हणजे हो, लहान म्हणजे नको. काउंटमध्ये मोठं-मग-लहान म्हणजे सम, लहान-मग-मोठं म्हणजे विषम. सूट प्रेफरन्समध्ये मोठं म्हणजे वरची सूट, लहान म्हणजे खालची, आणि त्यात हुकूम व चालू सूट धरत नाहीत.

पूर्वेकडचे, तुमच्या नव्वीने उत्तर दिलं. ते कुठल्या प्रश्नाचं होतं, एवढंच ठरलेलं नव्हतं.

डबल_डमी

ठरलेलं नव्हतं कसं? डमीत बदामाचं एकच पान! दुसऱ्या फेरीला डमी मारणार हे पश्चिमेला दिसतंय. मग "बदाम आवडतं का" या प्रश्नात राहिलं काय? हुकमाच्या डावात डमी एकपानी असली की पूर्वेचं पान सूट प्रेफरन्स. मोठं म्हणजे चौकट, लहान म्हणजे किलवर, मधलं म्हणजे काही खास नाही. नव्वी बरोबर, राजा चूक. मी असतो तर गुलामच टाकला असता, म्हणजे झोपलेल्या भिडूलाही दिसला असता.

नीरजा_के

इतकं सरळ नाही, डबल_डमी. एकपानी डमीसमोरही "चालू ठेव" म्हणायची वेळ येते. डमीत हुकूम तीनच असतील आणि मारायला लावून ते कमी करायचे असतील, किंवा दक्षिणेलाच पुढे मारायला लावून तिचे हुकूम संपवायचे असतील तर? तुमच्या नियमात त्या पूर्वेने काय टाकायचं? मधलं पान? गु ९ ७ ३ मधलं मधलं पान नव्वी की सत्ती?

आम्ही वेगळं खेळतो. पहिल्या हाताला नेहमी अ‍ॅटिट्यूडच, डमीत काहीही असो. पण नकाराला ठरलेला अर्थ आहे: "हे नको, डमीकडे बघून जी सूट आणणं उघड आहे ती आण." ती उघड सूट कुठली, याचे नियम आधीच ठरलेले. हुकूम कधीच नाही. डमीत किलवर रा णी गु ९ ३ अशी दणकट सूट असेल तर तीही नाही. डमीची तीन पानी, फार तर एक चित्र असलेली सूट, म्हणजे इथे चौकट रा ७ ३, ही उघड सूट.

या पद्धतीत पूर्वेने तिर्री टाकायची. नकार, म्हणजे चौकट आण.

पूर्वेकडचा

थांबा. म्हणजे डबल_डमीच्या पद्धतीत चौकट हवी तर मोठं पान, आणि नीरजाताईंच्या पद्धतीत चौकट हवी तर सगळ्यात लहान?

नीरजा_के

हो, आणि दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. अर्धी एक अर्धी दुसरी खेळलात तर परवाचा डाव होतो.

मिरजेचे_तात्या

आता माझं कडू औषध. या डावात पश्चिमेला सिग्नलची गरजच नव्हती.

पश्चिमेच्या खुर्चीत बसा. डमीत किलवर रा णी गु ९ ३, चार चांगले हुकूम, बदाम एकच. पश्चिमेकडे स्वतःकडे बदाम एक्का-राजा सोडून काही नाही. किलवर एक्का दक्षिणेकडे असेल तर हुकूम काढल्यावर तिची नको असलेली पानं किलवरवर उडणार. उडणार कुठली? चौकटच. म्हणजे चौकटचे हात असतील तर आत्ताच घ्यायला हवेत. चौकट एक्का-राणी दक्षिणेकडे असतील तर डाव तसाही गेला. पूर्वेकडे असतील तर डमीच्या राजाच्या अंगावर दश्शी आणायला हीच वेळ. पूर्वेने छत्री उघडली असती तरी पान चौकटच.

बिडिंगमधून काय कळलं, डमी काय धमकी देते, चार हात कुठून येऊ शकतात, हे आधी मांडावं आणि मग भिडूच्या पानाकडे बघावं. उलट क्रमाने खेळणारे लोक मी आयुष्यभर बघत आलोय. त्यांना सिग्नल शिकवणं म्हणजे त्यांचा विचार करायचा उरलासुरला उत्साह काढून घेणं.

डबल_डमी

तात्या, छत्रीला +१, पण एकपानी डमीवर मी ठाम आहे.

अवांतर: दक्षिणेची पंजी बघितली का? णी ५ २ मधून तिने दुर्री लपवली. दक्षिणेला बदाम चालू राहायला हवंय, कारण राजा पडला की तिची राणी मोठी. अशा वेळी दक्षिणेने प्रतिस्पर्ध्यांच्याच पद्धतीने, स्वतः बचावात असल्यासारखं पान टाकावं: चालू राहायला हवं तर मोठं, थांबायला हवं तर लहान. खालची पानं दिसेनाशी झाली की पूर्वेचं लहान पानही मोठं वाटायला लागतं. इथे नव्वी असल्याने फरक पडला नाही, पण समोरची बाई किंवा बुवा जो कोण आहे त्याला खेळता येतं.

पूर्वेकडचा

बाई आहेत. आणि येतं!

बरं, अपसाइड डाउनबद्दल कोणी सांगा.

ट्रेंटनजवळची

मी न्यू जर्सीत असते, इथल्या क्लबात बरेच जण अपसाइड डाउन खेळतात, अमेरिकेतल्या वरच्या खेळाडूंमध्येही ते खूप चालतं. अ‍ॅटिट्यूड आणि काउंट दोन्ही उलटे: लहान पान म्हणजे आवडलं, मोठं म्हणजे नको; लहान-मग-मोठं म्हणजे सम. सूट प्रेफरन्स बहुतेक जण उलटा करत नाहीत, तो सरळच ठेवतात.

फायदा सोपा आहे. जी सूट हवी असते तिथली मोठी पानं जपायची असतात. नो ट्रम्पमध्ये, म्हणजे बिनहुकमाच्या डावात, तुमच्याकडे चौकट ए णी १० २ आहे आणि पान फेकून भिडूकडे चौकट मागायचीय. रूढ पद्धतीत दश्शी फेकावी लागते, आणि ती दश्शी कदाचित एक हात असते. अपसाइड डाउनमध्ये दुर्री फेकायची, काम झालं. तसंच १० ४ अशी दोनच पानं असतील आणि दोन पानं आहेत हे सांगायचं असेल, तर रूढ पद्धतीत आधी दश्शी जाते. इथे आधी चौकी.

तोटा त्याच्या उलट: नको म्हणायला मोठं पान लागतं. गु ९ ४ ३ मधून नकार द्यायला नव्वी टाकली की कधीतरी ती अंगाशी येते. पण ज्या सुटेत काही नाही तिथे पान वाया गेलं तर सहसा कमी दुखतं, एवढाच हिशोब आहे. मोठा चमत्कार नाही. रूढ पद्धत नीट खेळणारी जोडी अपसाइड डाउन अर्धवट खेळणाऱ्या जोडीला रोज हरवेल.

आणि पूर्वेकडचे, तुमच्या भिडूला सांगा की एकपानी डमीचा प्रश्न अपसाइड डाउनने सुटत नाही. तोच घोळ उलट्या पानाने होईल.

गावाचा अभिमान म्हणून जाता जाता: सूट प्रेफरन्सला पुष्कळ ठिकाणी लॅविंथल म्हणतात, ते हाय लॅविंथल इथल्या ट्रेंटनचे. कल्पना त्यांनी १९३४ मध्ये मांडली. ब्रिटनमध्ये त्याच सिग्नलला मॅकेनी म्हणतात. मॅकेनीसुद्धा अमेरिकनच, त्यांनी त्याचा प्रचार केला आणि नाव त्यांचं लागलं.

शेवग्याची_शेंग

ताई, लॅविंथलचं एक साधं उदाहरण द्या ना. मी नवशिकी आहे, एकपानी डमीवरचं भांडण डोक्यावरून गेलं.

ट्रेंटनजवळची

सगळ्यात निर्विवाद जागा म्हणजे भिडूला हुकूम मारायला पान देताना.

दक्षिण चार बदाम खेळतेय. पश्चिमेने किलवरची सत्ती उतरली. डमीत किलवर रा णी ५. पूर्वेकडे ए १० ९ ४ २. पूर्वेला वाटतं की सत्ती एकटीच आहे (दक्षिणेकडे गु ८ ६ ३ आहेत, पण ते अजून दिसत नाही). पूर्व एक्क्याने हात घेते आणि भिडूला मारायला किलवर परत करते. आता कुठलं किलवर परत केलं याला बाकी काहीच अर्थ नाही, भिडू मारणारच. म्हणून तेच पान बोलतं: दश्शी म्हणजे इस्पिकमध्ये ये, दुर्री म्हणजे चौकटमध्ये ये. पूर्वेकडे इस्पिक एक्का असेल तर दश्शी. पश्चिम मारते, इस्पिक आणते, पूर्व एक्का घेते, पुन्हा किलवर, पुन्हा मार. किलवर एक्का, मार, इस्पिक एक्का, मार. चार हात, एक डाउन, आणि दक्षिणेला अजून हुकूम काढायची संधीच मिळालेली नाही.

पूर्वेने सवयीने "कुठलंतरी" किलवर परत केलं तर पश्चिमेला इस्पिक की चौकट हा छापाकाटा करावा लागतो.

शेवग्याची_शेंग

अहाहा! हे कळलं. धन्यवाद. काउंट कुठे लागतो मग?

नीरजा_के

डमीत लांब सूट असते आणि तिथे पोचायला दुसरा रस्ता नसतो, तिथे.

दक्षिण तीन नो ट्रम्प. डमीत चौकट रा णी गु १० ५ आणि बाहेर एकही एंट्री, म्हणजे हात घेऊन तिथे पोचवणारं पान, नाही. पूर्वेकडे चौकट ए ७ ३. दक्षिण लहान चौकट आणते, पश्चिमेचं पान पडतं, डमीचा राजा. पूर्वेने एक्का केव्हा खायचा? दक्षिणेची चौकट संपेल त्याच फेरीला. लवकर खाल्ला तर सूट जिवंत राहते, उशिरा खाल्ला तर एक हात फुकट जातो.

पश्चिमेने दुर्री टाकली (९ ४ २ मधून), तर विषम, तीन धरा. तेरातून पाच, तीन आणि तीन गेले, दक्षिणेकडे दोन. एक्का दुसऱ्या फेरीला. पश्चिमेने अठ्ठी टाकली (८ २ मधून), तर सम, दोन धरा. दक्षिणेकडे तीन, एक्का तिसऱ्या फेरीला. अठ्ठी चार पानांतलीही असू शकते, मग दक्षिणेकडे एकच उरतं. दोन की चार, ते बिडिंगवरून ताडायचं.

पश्चिमेकडे या सुटेत सगळी फुटकळ पानं आहेत आणि तरीही डाव तिच्या हातात आहे, ही गंमत मला फार आवडते. माझ्या मते बचावातलं सगळ्यात सुंदर पान म्हणजे अशी अठ्ठी.

मिरजेचे_तात्या

सहमत. फक्त याच्याच उलट बाजूला एक मोठा रोग आहे: प्रत्येक सुटेत, प्रत्येक वेळी काउंट देणारे लोक. दक्षिण एखादी सूट आणते, राणी कुणाकडे आहे ते तिला शोधायचंय, आणि दोन्ही बाजूंनी इमानदारीत सम-विषम सांगितलं जातं. पोस्टमनने वाचलं! तिने चारही हात मोजले आणि राणी सापडली. भिडूला उपयोग असेल तरच खरं पान, नाहीतर जे येईल ते. स्लॅममध्ये, म्हणजे बारा-तेरा हातांच्या बोलीत, तर हे दहापट.

आमच्याकडे एक्का उतरला तर भिडूने आवड-नावड सांगायची, राजा उतरला तर काउंट द्यायचा, असा करार आहे. पाचच्या वरच्या लेव्हलला तो कामी येतो, कारण तिथे "पुढचा हात दक्षिण मारणार का" हा एकच प्रश्न असतो.

डबल_डमी

स्मिथ एको कोणीच कसं काढलं नाही? नो ट्रम्पसाठी माझा सगळ्यात लाडका करार.

तीन नो ट्रम्प. पश्चिमेकडे इस्पिक णी १० ७ ४ २, वरून चौथं पान म्हणून चौकी उतरली. डमीत ८ ५. पूर्वेने राजा घातला, दक्षिणेने एक्क्याने खाल्ला. आता गुलाम कुठे? पूर्वेकडे रा गु ३ असतील तर पश्चिमेने हात मिळताच इस्पिक काढावं, सूट वाहती आहे. पूर्वेकडे रा ६ ३ आणि दक्षिणेकडे ए गु ९ असतील तर पश्चिमेने इस्पिकला हात लावायचा नाही, पूर्वेच्या हातून येऊ द्यायचं. अकराच्या नियमाने उत्तर मिळत नाही: अकरातून चार गेले सात, चौकीच्या वरची सात पानं इतर तिघांत. दोन्ही मांडण्यांत दक्षिणेकडे तीनच येतात.

मग दक्षिण आपली कामाची सूट आणते, समजा चौकट, आणि तिथे पूर्व पहिल्या संधीला मोठं पान टाकते: "तुझी उतारी मला आवडली." लहान टाकलं तर "नाही आवडली." चौकटच्या नव्वीने इस्पिकच्या गुलामाची बातमी.

नीरजा_के

पण तुमच्या पहिल्या मांडणीत दक्षिणेकडे ए ९ ६ आहेत. मग ती पहिल्याच फेरीला एक्का कशाला खाईल? थांबवून धरेल ना? तिने लगेच खाल्ला याचाच अर्थ गुलाम तिच्याकडे आहे. सिग्नल कशाला हवा?

डबल_डमी

नवशिकी दक्षिण असेल तर तुमचं बरोबर. पण दक्षिणेची दुसरी सूट उघडी असेल, बदामात थांबवायलाच काही नसेल, तर ती थांबून बघणार नाही. तुम्हाला बदामाकडे वळायची फुरसत मिळू नये म्हणून लगेच खाईल. आणि चांगली दक्षिण नेमका तुमच्यासारखा विचार करणाऱ्यांसाठीच लगेच खाते.

नीरजा_के

हे मान्य. एक अट जोडते: दक्षिणेने आणलेली सूट डमीतली लांब, एंट्री नसलेली असेल, तर तिथे स्मिथ नाही, काउंटच. हे आधी ठरलं नसेल तर स्मिथ घेऊ नका. एका पानाने दोन प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत.

झब्बू_फक्त

वाचतोय, अर्धं कळतंय, पण मजा येतेय. माझा प्रश्न परत आणतो. एवढी गणितं करून कायदेशीर मार्गाने इतकं कमी सांगता येतं, तर लोक चोरवाटेने जात नाहीत?

कायदा_कलम

जातात. अगदी वरच्या पातळीवरही आरोप झालेत.

१९६५ ला ब्यूनस आयर्सच्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या टेरेन्स रीस आणि बोरिस शपायरो यांच्यावर आरोप झाला की पानं धरताना बोटांच्या संख्येने ते बदामाची पानं किती हे सांगत होते. जागतिक महासंघाने दोषी धरलं, ब्रिटनमधल्या चौकशीने निर्दोष. वाद अजून संपलेला नाही. १९७५ ला खुद्द बर्म्युडात दोन भिडूंना एकमेकांचा चेहरा दिसू नये म्हणून टेबलावर आडवे पडदे आले, आणि त्याच स्पर्धेत इटलीच्या फाक्किनी-झुकेल्ली जोडीवर टेबलाखालून पाय लावल्याचा ठपका आला. मग अडसर खालीही आला. २०१३ ला बालीतल्या ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत जर्मनीचे दोन डॉक्टर खोकल्याने सांगत होते. त्यांच्यावर बंदी आली.

२०१५ चं प्रकरण सगळ्यात मोठं. नॉर्वेच्या बोये ब्रोगेलँड यांनी आपल्याच आधीच्या संघातल्या इस्राएली जोडीवर, फिशर-श्वार्ट्झवर, उघड आरोप केले. डावाची पानं ठेवायची पाटी टेबलावर कुठे सरकवून ठेवली, यात उतारीचा इशारा होता, असं व्हिडिओ बघून शोधणाऱ्यांनी दाखवलं. इटलीच्या फांतोनी-नुनेस जोडीवर आरोप होता की उतरलेलं पान उभं ठेवलं की आडवं यात माहिती असते. त्यांच्यावरची युरोपीय बंदी मात्र २०१८ मध्ये क्रीडा लवादाने रद्द केली.

क्लबातला रोजचा प्रश्न याहून साधा असतो: वेळ. पूर्व विचार करून नकाराचं पान टाकते, आणि पश्चिमेला कळतं की नकार अगदी मनापासून नव्हता. पश्चिमेने त्या थांबण्यावरून काही ठरवणं नियमबाह्य आहे, ती माहिती पानातून आलेली नाही. उपाय म्हणून पहिल्या हाताला डमी उघडल्यावर सगळ्यांनीच थोडं थांबायची सवय लावा, पान एकच असलं तरी.

शेवग्याची_शेंग

पान फेकताना विषम म्हणजे आवडलं, सम म्हणजे नावडलं, असं आमच्या क्लबात एक काका खेळतात. ते कोणी सांगितलं नाही. पूर्वेकडच्यांनी तेच घेतलं तर?

ट्रेंटनजवळची

ते रोमन. इटलीच्या गाजलेल्या संघातल्या जोड्यांकडून जगभर पसरलं. कागदावर फार देखणं: विषम पान म्हणजे ही सूट हवी. सम पान म्हणजे ही नको, आणि वर लॅविंथलही, म्हणजे मोठं सम पान असेल तर उरलेल्यांतली वरची सूट, लहान असेल तर खालची.

अडचण अशी की पानं तुमच्या सोयीने येत नाहीत. हवी आहे इस्पिक, आणि इस्पिकमध्ये रा ८ ६ ४. विषम एकही नाही. मग किलवरची अठ्ठी टाकून वरची सूट मागायची. किलवरमध्ये ९ ७ ३ च असतील तर? मग खेळाडू पानांकडे बघत बसतो, आणि कायदा_कलम म्हणतात तो प्रकार सुरू होतो. सफाईने पडलेलं विषम पान एक सांगतं आणि कुंथून पडलेलं वेगळंच. अमेरिकन संघटनेच्या स्पर्धांत सम-विषम सिग्नल फक्त पहिल्या फेकीला चालतात, त्याचं मुख्य कारण हेच.

पूर्वेकडचा

सगळ्यांचे आभार, रोमन नको.

काल भिडूला हा धागा वाचायला दिला. अपसाइड डाउन घेतोय, सूट प्रेफरन्स सरळच. नो ट्रम्पमध्ये स्मिथ, नीरजाताईंच्या अटीसह. उतारीला एक्का म्हणजे आवड, राजा म्हणजे काउंट, हे तात्यांचं उचललं.

एकपानी डमीवर मात्र तो नीरजाताईंच्या बाजूचा निघाला आणि मी डबल_डमीच्या. शेवटी त्याचंच धरलंय, एका अटीवर: उघड सूट कुठली हे डमीच्या चार-पाच नमुन्यांवर आम्ही आधी वेगवेगळं लिहून काढणार आणि मग जुळवून बघणार. पहिल्या तीन नमुन्यांत जुळलं. चौथ्यात डमीच्या दोन्ही बाजूच्या सुटा तीन पानी आहेत, एकीत गुलाम, एकीत राणी. नीरजाताई, तुमच्याकडे याला काय नियम आहे?

नीरजा_के

दोन्ही तीन पानी आणि दोन्हींत एकेकच चित्र असेल तर आमच्याकडे कमी ताकदीची सूट, म्हणजे गुलामवाली. उतारी करणाऱ्याने बिडिंगमध्ये एखादी सूट सांगितली असेल तर ती आधी. कराराच्या कार्डावर लिहून ठेवा, समोरच्यांनी विचारलं तर दाखवायला लागेल.